बंदुकीची दारू मिळेनाशी झाली ते वर्ष

मित्रांनो, माझी दांडी वीतभर लांब आणि ताटली चहाच्या चमच्याएवढी. मी एक जुना तराजू आहे. अमेरिकेत, मोंटानातल्या एका लहान गावात, लोरेटा हाउगेन यांच्या तळघरात मी राहतो. बंदुकीची दारू तोलणे हे माझे काम.

मला कारखान्यातून बाईंच्या नवऱ्याने आणले. ते गेल्यापासून काडतुसे बाई स्वतःच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी पुसायची, माझ्याकडून दारू तोलून घ्यायची, ती आत ओतून वर गोळी बसवायची. वर्षाला एक एल्क हरीण मिळाले, की हिवाळाभर मांसाची ददात नसे. "हा माझ्याशी कधी खोटं बोलला नाही," असे त्या माझ्याबद्दल सांगत. मला फार बरे वाटे.

मग एका वर्षी त्यांची नेहमीची दारू बाजारातून नाहीशी झाली. बाईंनी तीन गावांतली दुकाने पालथी घातली. मी धूळ खात पडलो. शिकारीचा हंगाम दहा दिवसांवर आला, तेव्हा त्यांचा दीर डेलमार एक डबा घेऊन आला.

"घ्या वहिनी! रंग तोच, दाणा तोच. नेहमीच्याच वजनानं भरून टाका."

"भावजी, सोडा आणि पिठीसाखरही सारखीच दिसतात. एकदा केक करून बघा! ही किती झपाट्यानं जळते, ठाऊक आहे?"

"जळते ना? मग झालं तर!"

कोणत्या बंदुकीला कोणती दारू किती, हे सांगणारे पुस्तक बाईंनी उघडले. त्यांच्या बंदुकीसाठी त्या दारूचे नावच त्यात नव्हते. दारू बनवणाऱ्यांना फोन केला, तर तेही म्हणाले, वापरू नका. बाईंनी डबा परत दिला.

"मग बसा यंदा बटाटे खात!" म्हणत डेलमार निघून गेला.

चौथ्या दिवशी तो परत आला. गाल काळा पडलेला, हाताला पट्टी. त्याने मेजावर एकोणीस काडतुसे ठेवली.

"त्याच डब्यातली दारू नेहमीच्या वजनानं भरली. एकच उडवलं, वहिनी. बंदूक उघडेना, ठोकून उघडावी लागली. ही उरलेली... या पट्टीच्या हातानं जमत नाही. तुम्हीच उघडून रिकामी करा."

"बसा. आधी कॉफी घ्या," बाई म्हणाल्या. मग एकेक काडतूस उघडून त्यांनी आतली दारू माझ्या ताटलीत ओतली. एकोणीस वेळा माझी दांडी अचूक मधोमध थांबली.

"वजन तर बरोब्बर आहे!" डेलमार पुटपुटला.

"वजन बरोबरच आहे, भावजी. दारू चुकीची आहे."

त्या हंगामात शिकार झाली नाही. पुढच्या वसंतात पुस्तकात नाव असलेली दुसरी दारू मिळाली. पुस्तकातल्या सर्वांत कमी वजनापासून बाईंनी सुरुवात केली, आणि डेलमार शेजारी बसून शिकला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला झाकून ठेवा. मी खरे वजन सांगेन. पण ताटलीत काय ओतले आहे, ते मला ओळखता येत नाही. तेवढे तुम्ही विचारून घ्या.