चौतीस वर्षांचं पोरगं

चौतिसाव्या वर्षी माणसाला पोरगं म्हणतात होय? पण बजरंगनं म्हटलं. भैरोबाच्या देवळासमोर, अख्ख्या भावकीदेखत, हातात यादी धरून म्हटलं, आणि शालूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

कार्ल्याजवळच्या त्यांच्या वाडीत चैत्रातल्या जत्रेला भैरोबाची पालखी डोंगर चढते. भावकीतली आठ घरं, आठ खांदे. घरटी एक माणूस, तोही लग्न झालेला; घरात तसा कुणी नसला तर खांदा दुसऱ्या घराला जातो. ज्यानं खांदा दिला तो माणसांत आला. पुढं वर्षभर गावकीच्या बैठकीत त्याचं नाव घेऊन त्याला विचारतात. बिनलग्नाच्यानं मात्र पाण्याचे जार वाहायचे, नाहीतर पर्यटकांच्या गाड्या लावून द्यायच्या. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात सगळे.

शालूबाईच्या नवऱ्यानं, हौशीरामनं, चव्वेचाळीस वर्षं हा खांदा दिला. यंदा त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. म्हणून तो काठी टेकत पुढं झाला आणि म्हणाला, "यंदापास्नं आमच्या घरचा खांदा माजा ल्योक संदेश दील."

बजरंग हौशीरामचा चुलतभाऊ, जत्रेचा कारभारी. त्यानं खांदेकऱ्यांच्या यादीवरून नजरसुद्धा उचलली नाही. "आसं कसं दादा? नेम त्यो नेम. संदेश अजून पोरगं हाय. तुमच्या जागी आमचा पप्पू धरल." पप्पू म्हणजे बजरंगचा धाकटा, गेल्या वर्षी बोहल्यावर चढलेला. वय पंचवीस. वाडीत एकदा गेलेला खांदा परत मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

एवढ्यावर थांबायचं ना! तर वर हसून म्हणाला, "आमच्या टायमाला बाविशीत पाळना हलला व्हता. आताच्या पोरांचं मोबाईलातनं डोकं निघंल तवा लगीन!"

माणसं हसली. हौशीराम खाली बघत राहिला. संदेश पलीकडं जार उतरवत होता, त्यानं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून पुढचा जार उचलला. ते पाहून तर शालूबाईचा जीव जळला.

मोबाईल म्हणे! बारा वर्षं संदेश तळेगावच्या एका कंपनीत कंत्राटावर, एकाच मशीनवर उभा होता. सात महिने भरले की ब्रेक, मग गेटवर नवं कार्ड, आणि साहेब परत "नवीन आला का?" म्हणून विचारायला मोकळे. त्यानं शिकवलेली दोन पोरं पर्मनंट झाली. हा आहे तिथंच.

आणि लग्नाचं विचाराल, तर तीन वर्षांमागं जुळत आलं होतं. मुलगी वलवणची रेणुका, बजरंगचीच भाची, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला. दोघं तासभर बोलली, एकमेकांना पसंत पडली. मध्यस्थ बजरंग. त्यानं शालूबाईच्या हातचे पोहे दोनदा मागून खाल्ले, तोंड पुसलं आणि विचारलं, "पर्मनंटचं लेटर हाय का? तळेगावात फ्लॅट?" नव्हतं. मोडलं. रेणुका अजून तशीच होती, एकतीस वर्षांची.

हौशीरामकडं तरी लग्नात काय होतं? दोन बैल आणि मावश्यांनी भरलेलं घर. शालूबाईच्या बापानं एकच विचारलं होतं, पोरगा दारू पितो का. लेटर मागितलं असतं तर ही सगळी म्हातारी आजही पाण्याचे जारच वाहत असती!

"चांगभलं!" आरोळी उठली. पप्पू शर्ट सावरत पुढं आला. त्याच्या आधी शालूबाई बायकांमधून बाहेर पडली, पदर खोचला आणि हौशीरामच्या जागी दांड्याखाली सरळ खांदा घातला.

हलगी थांबली.

"वैनी, येडबीड लागलं का? बाया खांदा देत्यात व्हय?" बजरंग ओरडला.

"नेम काय हाय भावजी? घरटी एक, लगीन झालेलं मानूस. माज्या लग्नाला चव्वेचाळीस वर्सं झाली. का मी मानसात न्हाई?"

"आवं, पर..."

"पर काय? पोरगं म्हनं! रातपाळी करून घर चालवतोय त्यो पोरगं? बापाला पाठुंगळी मारून दवाखान्यात नेला त्यो पोरगं? लगीन कराया गेलो तर तुमी लेटर मागता. अन् लगीन न्हाई म्हनून पोरांत बशिवता. दारं तुमीच लावायची, अन् आत का येत न्हाई म्हनून हसायचं बी तुमीच! लाज कशी वाटत न्हाई?"

तिकडं संदेशसोबतच्या दहा जणांनी, सगळे तिशी ओलांडलेले आणि सगळे बिनलग्नाचे, हातातले जार खाली ठेवले. तेव्हा बजरंगचा चेहरा उतरला. चढावर सगळ्यांनाच पाणी लागणार होतं.

"बरं बरं. संदेश, ये रं बाळा, आईला मोकळं कर."

"बाळा न्हाई," शालूबाईनं दांडा सोडला नाही. "बाकीच्यांचं घेतलं तसं नाव घ्या."

बजरंगनं खिशातलं पेन काढलं. "संदेश हौशीराम," तो म्हणाला, आणि यादीवर पेन टेकवलं.

संदेश पँटला हात पुसत आला. आईच्या डोळ्यांत त्यानं बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघंही रडली असती. त्यानं खांदा घातला तेव्हाच तिनं आपला काढला. हौशीराम नाक ओढत काठीवर उभा होता.

पालखी हलली. बजरंगला गप्प बसवेना. "खांदा मिळाला म्हंजे झालं न्हाई वैनी. फुडच्या जत्रंला सून दिसाया पायजे."

"आनते की," शालूबाई म्हणाली. "आजच वलवणला फोन लावा, रेणुकाला सांगा. म्हनावं, लेटर अजून आलं न्हाई. ती अजून कुनासाठी थांबलीया, त्ये बी इचारा."

बजरंगनं यादीत डोकं घातलं. आठही नावं घेऊन झाली होती, तरी तो वाचतच राहिला.