पहिले तीन दिवस

"बोटांवर मोजून सांगा, भाऊसाहेब," म्हणत कान्हूने उजवा हात पुढे केला. तो फडक्यात गुंडाळलेला होता, रक्ताने थबथबलेला. मग त्याने डावा पुढे केला.

अर्ध्या तासापूर्वी आमच्या लोणावळ्याच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनने त्याचा पंजा चिरडला होता. त्याची किंकाळी मला कचेरीत ऐकू आली होती. मी तिथला हजेरी-कारकून. भरपाईचा नियम समजावणं माझंच काम, आणि शहाणपण सांगायला मला नेहमीच आवडतं.

"पहिले तीन दिवस तुझ्या अंगावर, बिनपगारी. चौथ्यापासून हात बरा होईपर्यंत निम्मा पगार घरी बसून. पण मधे एक दिवस जरी हजेरी लागली, तरी सगळं बुडालं."

"व्हय. तीन दिस हिकडं फिरकायचं न्हाई."

पण दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती, यंत्रांच्या पूजेचा दिवस; तिसऱ्या दिवशी दसरा. यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या आणि कान्हू डाव्या हातात नारळ घेऊन डोंगरावरच्या वाडीतून उतरला.

"अरे, तू कशाला आलास?" मी विचारलं.

"माजी मशीन बिनपूजेची ठिवू? रागावली म्हनून तर हात खाल्ला तिनं."

त्याने नारळ फोडला. मुकादम दत्तोबाने त्याला पेढा दिला आणि हसत हजेरीपुस्तक पुढे केलं. "समदे देत्यात, तूबी दे आंगठा." कान्हूने डावा अंगठा उमटवला. मी चार पावलांवर होतो. दत्तोबा मालकाचा माणूस. मी मूग गिळून बसलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कान्हू भरपाईचा कागद मागायला आला, तेव्हा मी हजेरी घ्यायला त्याच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो.

"कसली भरपाई? परवा हजर व्हतास. चल मशीनवर," दत्तोबा म्हणाला.

"म्या पूजेला आलतो! भाऊसाहेब, तुमी सांगा की."

मी पुस्तकातून मान वर काढली नाही.

दत्तोबाने त्याचा मोडका हातच धरून ओढला. कान्हू गुरासारखा ओरडला. मग त्याने डाव्या हाताने लोखंडी पाना उचलून दत्तोबाच्या जबड्यावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. दत्तोबाच्या चौघा माणसांनी कान्हूला लाथांनी तुडवलं, फाटकापर्यंत फरफटत नेलं. मी खुर्चीवरून उठलो नाही. लाज वाटते सांगायला.

फाटकाबाहेर तो कसाबसा उभा राहिला. ओठांतून रक्त गळत होतं. नोकरी गेली होती, हातही गेल्यात जमा होता. त्याने वळून उघड्या फाटकातून आत मशीनकडे पाहिलं. हात जोडता येत नव्हते, म्हणून डावाच कपाळाला लावला.

मी मशीनच्या शेजारीच बसलो होतो. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.