दुसरा माठ

"वैशाखभर कामावरच्या माठाचा तळ दिसू देऊ नको वं बाई," सासूबाई जाता जाता सांगून गेल्या होत्या. प्रमोदिनीनं ते व्रत अकरा वर्षं पाळलं. गांधीबागेत मनोहररावांच्या मसाल्याच्या कारखान्यात ती हळद चाळायची. वैशाखात मात्र सगळ्यांच्या आधी येऊन साऱ्या बायांचा एकच माठ काठोकाठ भरायची आणि मगच चाळणीला हात लावायची.

त्या साली मराठवाड्यातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं की नाही, यावरून रान पेटलं होतं. देऊ नये, असं पत्र मनोहररावांनी पेपरात छापून आणलं. बायांना जमवून वर म्हणाले, "ते माझं घरचं मत. इथे सगळ्या सारख्या."

चार दिवसांनी खिडकीखाली आणखी एक माठ आला. मुकादम विश्वनाथ म्हणाला, "तो भीमाबाई अन् तिच्यावाल्यायचा. त्यायचा त्या भरतीन. तू आपला भर."

"मालकानं सांगतलं का?"

"सांगा लागते का? पेपर वाचता येते मले."

मालकाचीच मर्जी असेल, असं धरून प्रमोदिनीनं एकच माठ भरला. दुपारी तिखट कुटून घसा जळलेली भीमाबाई आली. तिनं कोरडा माठ पाहिला, प्रमोदिनीकडं पाहिलं आणि नेहमीच्याच माठातलं पाणी घटाघटा प्यायली. संध्याकाळी विश्वनाथनं तिला 'उर्मट' म्हणून कामावरून काढलं.

प्रमोदिनी मालकांपुढं जाऊन उभी राहिली. "तिले परत बोलवा जी."

"मी कुठं काय सांगितलं? मुकादमाच्या कामात मी पडत नाही. अन् बाई, कारखान्यात राजकारण नको."

ते खोटं बोलत नव्हते. तेच तिला जास्त लागलं.

तशीच ती इंदोऱ्याला, भीमाबाईच्या वस्तीत गेली. भीमाबाई दारात तांदूळ निवडत होती. "या व्रतवाल्या बाई! झालं का पुण्य?"

प्रमोदिनी खाली बसून तिच्या तांदळातले खडे वेचू लागली.

"बुधवारी लेबर आफिसात साहेब इचारन, काहून काढलं म्हणून. माठापाई काढलं, हे तू सांगशीन का वं?"

"सांगीन."

"तुलेई काढतीन. नवरा घरी बसून हाय तुहा."

"हाव."

बुधवारी तिनं पूजा आटोपली, नवऱ्यासाठी भाकर झाकून ठेवली. चौकात कामावर निघालेल्या बाया भेटल्या. "वं प्रमोदिनी, तिकडं कुठं? उशीर होते ना!"

तिनं पदर सावरला आणि खालच्या मानेनं लेबर ऑफिसच्या रस्त्याला लागली.