धुराळ्याचा दहावा

पत्रावळीच्या कडेला ठेवलेलं भजं थंड पडून तेल सोडू लागलं होतं, आणि मुंजाजी पिंडाकडे न पाहता मघापासून त्या भज्याकडेच पाहत होता – मिरचीचं भजं, सितारामच्या आवडीचं, गंगाखेडच्या स्टँडवर उभ्याउभ्या खाऊन बोटं धोतराला पुसायची त्याची सवय... भाताच्या पिंडावर काळे तीळ होते, शेजारी द्रोणात चहा, बिडीचं बंडल. माणूस गेला की त्याच्या आवडीची इतकी बारीक आठवण ठेवणारी हीच माणसं तो जिवंत असताना त्याला नुसतं धुराळ्या म्हणत, आणि तेही तोंडावर. बाभळीवर कावळा बसला होता. खाली येत नव्हता.

राणीसावरगावच्या ओढ्याकाठी ऊन चढत चाललं होतं. मुंजाजी चुडाव्याहून पहाटेच्या गाडीनं निघाला होता. पूर्णेला गाडी बदलली, गंगाखेडहून जीप धरली, आणि सबंध प्रवासात एकानंही त्याला ओळखलं नाही. म्हातारा झालेला खलनायक नुसता म्हातारा दिसतो. एके काळी तो डब्यात चढला की बाया लेकरांना पोटाशी धरत – खोळंब्या आला. त्यानं हात वर केला की धावती वस्तू जागच्या जागी थांबायची, मग ती मोटर असो, मिरवणूक असो नाहीतर आगगाडी. आणि सिताराम शेजारी उभा राहून एक फुंकर मारायचा, तर असा धुराळा उठायचा की थांबवलं कुणी हे कुणाला दिसू नये. दिसायचंच. जिल्ह्यात असं करणारी माणसं होती किती.

पहिल्यांदा थांबवली ती एक्सप्रेस, मुंजाजीला आठवलं. ती चुडाव्याला थांबत नाही. कडूबाई, माझी बायको, बाळंतपणात अडली होती, नांदेडला न्यायची होती, मी फलाटाच्या टोकाला गेलो आणि हात वर केला... लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा. मग दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं नडायला लागलं, आणि मलाही, खोटं कशाला बोलू, एवढं मोठं धूड आपल्यासमोर मुकाट उभं राहिलेलं बघायला बरं वाटायला लागलं. आत बसलेल्यांनाही कामं असतात हे कळलं तेव्हा नाव पडून गेलं होतं. जिंतूरकडचा परमेश्वर नावाचा पोरगा उडायला लागल्यावर तर विषयच संपला. लोक त्याला भरारी म्हणू लागले. वरून मारणारा मिळाला म्हटल्यावर खाली मार खाणारा लागतोच. पुढे पुढे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं झालं – कुठं गिरणी बंद पडली, कुठं पंखा अडकला, की खोळंब्या. आणि वारं सुटलं की धुराळ्या. सिताराम हसायचा. म्हणायचा, “आपल्या नावावर खपतंय तर खपू दे की.”

“दादा, अर्पिताचं लगीन मी करून देतो. तुमी काळजी करू नका,” सितारामचा थोरला, राम, भादरल्या डोक्यानं पिंडापुढे वाकून बापाला बहिणीचा शब्द देत म्हणाला. कावळा हलला नाही.

“बैल इकत न्हाई, दादा,” सितारामचा धाकटा भाऊ बजरंग म्हणाला. तरीही नाही. भावकीतला जो तो पुढे येऊन काहीबाही कबूल करत गेला. मेलेल्या माणसाला इतक्या गोष्टी द्यायला निघालेली ही गर्दी पाहून मुंजाजीला शीण आला, नेहमीचाच, हाडात बसलेला. थांबवलेल्या प्रत्येक वस्तूचा वेग जायचा कुठं, तो त्याच्याच गुडघ्यात येऊन मुरायचा, आणि आता तिथं जागा उरली नव्हती.

सरजाबाई डोईवरचा पदर सावरत त्याच्याजवळ आली. नवऱ्यामागं दहा दिवसांत ती निम्मी झाली होती. “भाऊजी, तुमी बोला. दुसऱ्या कुनाचं ऐकत नव्हते ते.”

तो पुढे झाला. “सित्या, घराकडं मी बघतो. ये खाली.” शब्द बरोबर होते. त्यांच्यात जीव नव्हता, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मग गर्दीत कुजबुज झाली, लोक बाजूला सरले, आणि परमेश्वर पुढे आला. दहाव्याला उडत येणं बरं दिसत नाही म्हणून मोटारसायकलवर आला असावा. पांढरा सदरा, कपाळावर घाम, डोक्यावर रुमाल. मरणाला वैर नसतं, हे त्याच्या आईनं त्याला शिकवलेलं दिसत होतं. तो वाकला. “काका, मी लय हानलं तुमाला. तुमी कदी उलटून हात उचलला न्हाई. पोटात घाला.” त्याचा आवाज खरंच कापत होता. याला चांगला म्हणतात ते काही उगाच नाही, मुंजाजीच्या मनात आलं, आणि त्याचा राग राग करायलाही त्याला थकल्यासारखं झालं.

“ऊन लय झालं,” विधी सांगणारे महाराज म्हणाले. “दर्भाचा कावळा करू. शास्त्राला चालतंय.”

“न्हाई म्हाराज,” सरजाबाई म्हणाली, आवाज न चढवता. “दर्भाचा नको. विच्छा ऱ्हायली म्हनून गाव बोलंल, ते बोलू दे. पर मला जल्मभर घास गोड लागायचा न्हाई. ते उपाशी गेले असंच वाटंल.”

मुंजाजीनं प्रथमच वर नीट पाहिलं. कावळ्याचा एक पंख अर्धा उघडलेला होता. मघाशीही तेवढाच होता. बाभळीची पलीकडची फांदी वाऱ्यानं हलत होती आणि कावळ्याची हलत नव्हती. त्याचे डोळे मिटत नव्हते. आणि मुंजाजीच्या गुडघ्यात ती जुनी थंडगार कळ भरत चालली होती, जी फक्त एकाच कारणानं भरते... हात तर त्यानं वर केला नव्हता. हात जोडलेले होते.

म्हणजे मीच. सगळं गाव सित्याच्या इच्छा शोधतंय आणि इच्छा माझी अडकली आहे. त्याला जाऊ द्यायचं नाही, एवढीच. चांगलं एकट्यानं राहता येतं, देवळात एकट्यानं जाता येतं. वाईट राहायला सोबत लागते. मार खाऊन ओढ्यात पडलो की शेजारी कण्हणारं कुणी लागतं, जे कण्हता कण्हता म्हणेल, चहा पिऊ चल. उद्यापासून कुठं काही बंद पडलं, की मी एकटा. आणि मी एकट्यानं खोळंब्या राहू शकत नाही, मुंजाजी तर मी कधीचाच राहिलेलो नाही.

महाराजांनी दर्भ हातात घेतला होता. सरजाबाई पाहत होती, महाराजांकडे नाही, त्याच्याकडे. तिला कळलं होतं की काय? सोड, त्यानं स्वतःला सांगितलं. पण सोडतात कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. आधी हात भरून आला की धरलेलं आपोआप निसटायचं, आणि पुढे थांबवणं त्याचं आणि सोडवणं परमेश्वरचं. वरून ठोसा यायचा, डोळ्यांपुढे अंधार, मग कुठंतरी गाडीची शिट्टी, लोकांचा जल्लोष. सबंध आयुष्यात एक पान त्यानं आपणहून हलू दिलं नव्हतं.

त्यानं परमेश्वरकडे पाहिलं. मार एक, असं ओठांवर आलं. परमेश्वरनं तो थकलाय असं समजून त्याच्या कोपराखाली हात दिला, हळूच, वडिलांना द्यावा तसा. “बसता का, काका? पानी आनू?”

मुंजाजीनं मान हलवली. डोळे मिटले. कळ गुडघ्यातून मांडीत चढत होती आणि तिला तो पहिल्यांदाच अडवत नव्हता, हाकलतही नव्हता... जा सित्या, तो मनात म्हणाला, आणि ते खोटं होतं. पुन्हा म्हणाला. या खेपेला थोडं कमी खोटं होतं. सरजाबाईला दोन घास गोड लागले पाहिजेत, एवढं मात्र खरं होतं, आणि तेवढंच धरून तो तिसऱ्यांदा म्हणायला लागला – आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा मार न खाता, वर न पाहता, एकटा.