राखणदार एकटा नको

आप्पासाहेबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. बाकीची दोन तरुणपणी एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसखाली गेली. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते साऱ्या जगाला सांगतात. "चहाचा कप धरता येतो, बायकोचा कान धरता येतो, अजून काय पाहिजे?" असं म्हणून खो खो हसतात. हसू द्या बापड्यांना. पण आशाबाईंना वाटतं. एवढी वर्षं झाली लग्नाला, तरी भाकरी मोडताना नवऱ्याचा हात दिसला की त्या ती भाकरी स्वतःच मोडून त्यांच्या ताटात ठेवतात. म्हणून बिडकीनला स्वतःचं शेड उभं राहिलं आणि आत जुनी का होईना पण प्रेस आली, तेव्हा त्यांनी पुंडलिकनगरच्या घरात देवासमोर उभं राहून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ह्या शेडात कुणाचं नख जरी गेलं ना, तर कुलूप मी घालीन. मग रडत बसा."

आशाबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. आप्पासाहेबांनी प्रेसला पुढून जाळीचं दार बसवून घेतलं. दार लावल्याशिवाय प्रेस ठोका मारणार नाही, अशी सोय करायची होती. ते काम आलं सुनेकडं. तनुजा इलेक्ट्रिकल शिकलेली, लग्नाआधी वाळूजला नोकरी केलेली. बोलायला गोड, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की सासऱ्याचंही ऐकत नाही. आशाबाईंना ती ह्याचसाठी आवडायची, फक्त तसं त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सुनेला फार चढवून ठेवू नये, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं.

दसऱ्याच्या आधी दोघी सासू-सुना गुलमंडीत आल्या. आशाबाईंना झंपरचं कापड घ्यायचं होतं, तनुजाला स्विच. कापड झाल्यावर दोघी मागच्या गल्लीत गयासभाईंच्या दुकानात शिरल्या. गयासभाई आणि आप्पासाहेब जुने दोस्त. दुकान एवढंसं, पण साऱ्या एमआयडीसीला लागणारं सामान तिथं मिळतं.

"आओ भाभी, बैठो. आप्पा नाय आले?"

"त्यांना कशाला आणू? एका तारेच्या तुकड्यात सगळं भागतं त्यांचं."

गयासभाई हसले. आप्पासाहेबांच्या खिशात कायम तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. कुठं काही अडलं की आप्पासाहेब ती काढणार. फाटक लागत नाही, बांधा. मशीनचा स्विच कुरकुर करतोय, दाबून बांधा. अर्ध्या कारखान्यांत हेच औषध चालतं. भल्याभल्यांची बोटं ह्याच औषधानं गेलीत, पण सांगायचं कुणी?

तनुजानं दाराचं मोजमाप सांगितलं. गयासभाईंनी काउंटरवर स्विच मांडले. कुणाला लांब दांडी, कुणाला टोकाला बारकं चाक, कुणाला नुसतीच दाबायची बोंडी. आशाबाईंनी एक उचलला आणि बोंडी अगदी हळूहळू दाबली. दाबत गेल्या, दाबत गेल्या, काही नाही, आणि एकदम कट्ट!

"अगं बया! दचकले ना मी."

"कितीही हळू दाबा आई, तो एकदमच पलटतो," तनुजा म्हणाली. "अर्धवट राहत नाही. एक तर चालू, नाही तर बंद."

"म्हणजे तुझ्या सासऱ्याच्या रागासारखा. अर्धा तास गप, आणि मग कट्ट."

आशाबाईंना तो आवाज फार आवडला. त्या एकेक स्विच उचलून कानाशी धरायला लागल्या. इकडं गयासभाई आणि तनुजाची चर्चा जुंपली. एक स्विच असा, की दार लागलं की दार त्याची बोंडी दाबून धरणार, आणि दार उघडलं की आतली स्प्रिंग ती परत बाहेर ढकलणार.

"अच्छा माल हाय," गयासभाई म्हणाले, "मगर सब भरोसा स्प्रिंगवर. बोंडी आतच अडकली, तर दार उघडं असताना तो सांगणार, दार बंद हाय. झूट बोलेगा." मग त्यांनी दुसरा पुढं केला. "हा बिजागरीपाशी लावायचा. दार उघडलं की दारच ह्याला ढकलतं, आणि आतला कनेक्शन जबरदस्तीनं तुटतो. स्प्रिंग राहो, मरो. धूळ कितनी है वहाँ, बेटा?"

"धूळ हाय, तेल हाय. पाणी नाय."

"फिर ये चलेगा. मजबूत बॉडी हाय."

"मला दोन्ही पाहिजेत चाचा. दोघांचं एकमत झालं तरच प्रेस चालली पाहिजे. नाय तर लाल दिवा, आणि सगळं बंद."

एवढ्यात आप्पासाहेबांचा फोन आलाच. तनुजानं दोन स्विचांचं सांगितल्यावर पलीकडून आवाज एवढा मोठा, की गयासभाईंनाही ऐकू गेला. "दोन कशाला? साऱ्या बिडकीनात एकावर भागतंय! दोन लावले तर बिघाडही दुप्पट!"

तनुजाचा चेहरा पडला. आशाबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. "अहो, मळ्यात राखणीला एकटा माणूस ठेवत होता का तुम्ही कधी? एकटा राखणदार झोपतो. दोन असले की एकमेकाला उठवतात. ठेवा फोन." आणि गयासभाईंना म्हणाल्या, "जोडीनं द्या."

तनुजा सासूकडं बघतच राहिली. आशाबाई म्हणाल्या, "बघतीस काय? चल, झेंडूची फुलं घ्यायचीत."

खंडेनवमीला बिडकीनच्या शेडात पूजा झाली. पान्हे, हातोडे, ड्रिल, सगळ्यांना हळदकुंकू. प्रेसला झेंडूचा हार. पण आशाबाईंचा जीव अडकला होता तो तनुजानं दाराच्या चौकटीवर बसवलेल्या बारक्या स्विचात. एवढासा जीव, पण साऱ्यांचे हात राखणार. त्याची पूजा अशी नुसत्या कुंकवावर भागवायची म्हणजे काय? त्यांनी त्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि घरून वाटीत आणलेल्या पंचामृताचे चार थेंब बोंडीवर सोडले. मध, साखर, दूध, दही, तूप. हात जोडून हळूच म्हणाल्या, "लक्ष असू दे माय." दुसरा स्विच दाराच्या मागं, बिजागरीपाशी होता, तिथवर त्यांचा हात पोचेना. तो तसाच राहिला. दार लावून सगळे घरी आले. राहिलेल्याची रुखरुख त्यांना दसऱ्याला सोनं वाटतानाही लागून होती.

दसरा सरला आणि काम सुरू करायचा दिवस उजाडला. आप्पासाहेबांनी एक रीत ठरवली होती. वर्षाचा पहिला ठोका लिंबावर. घरच्या लक्ष्मीनं लिंबू ठेवायचं, घरधन्यानं पायाची कळ दाबायची. तनुजा पलीकडं पॅनेलपाशी उभी होती, तिचा नवरा विश्वजीत मोबाइल घेऊन शूटिंग करायला. आशाबाईंनी लिंबू ठेवलं, जाळीचं दार लावलं. मोटर घुमायला लागली.

"आप्पा, इकडं बघा! जरा हसा!" विश्वजीत ओरडला.

आप्पासाहेबांनी मान वळवली. आणि नेमकं तेव्हाच लिंबू गडगडत कडेला गेलं. आशाबाईंचा हात काय विचारून पुढं जातो होय? पोळपाटावरची पोळी सरळ करावी तसं त्यांनी दार उघडलं आणि लिंबू मधोमध ठेवायला हात आत घातला. आप्पासाहेब मोबाइलकडं बघून हसले आणि त्यांनी पायाची कळ दाबली.

काहीच झालं नाही. पॅनेलवर लाल दिवा लागला.

"बघा! बघा!" आप्पासाहेब उसळले. "सांगत होतो, दोन लावू नका! ऐन मुहूर्ताला बोंबललं! काढतो तार, देतो बांधून!" आणि गुंडाळी खिशातून बाहेरही निघाली. आशाबाईंनी हात केव्हाच बाहेर घेतला होता. आपण काय केलं, हे अजून त्यांनाच कळलं नव्हतं, मग आप्पासाहेबांना कुठून कळणार?

तनुजानं मात्र पाहिलं होतं. तिनं आधी मोटर बंद केली, मग चौकटीपाशी आली. दार सताड उघडं होतं, पण स्विचची बोंडी आतच होती. तिनं बोटानं चाचपून पाहिली. हलेना.

"अगं, कट्ट का नाय वाजलं?" आशाबाईंनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना बोंडीभोवती वाळलेला पिवळट चिकटा दिसला. वरून हळदकुंकवाची खपली. त्यांचेच चार थेंब.

"ह्याला वाटलं दार बंद हाय," तनुजा हळू आवाजात म्हणाली. "मागच्यानं अडवलं, आई. नाय तर…"

आशाबाई स्टुलावर बसल्या. आप्पासाहेबांच्या हातातली तार तिथंच थांबली. त्यांनी एकदा उघड्या दाराकडं पाहिलं, एकदा मधोमध ठेवलेल्या लिंबाकडं, आणि मग आपल्या पायाकडं. आपण काय केलं असतं, हे त्यांना आत्ता उमगलं. जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस गुडघे टेकून बायकोपुढं बसला. तिचा उजवा हात आपल्या तीन बोटांच्या हातात घेतला आणि एकेक बोट चाचपत गेला. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं, करंगळीपर्यंत. डोळ्यांतून पाणी गळायलेलं, आणि पुसायचं भान नाही.

"हायत ना गं सगळी?"

"हायत की. सोडा आता, पोरं बघायलीत." पण हात त्यांनीही सोडवून घेतला नाही.

तनुजानं गयासभाईंना फोन लावला. "चाचा, वरून रबराची टोपी असलेला येतो का? पुढच्यात पंचामृत गेलं."

"क्या गया?"

"पंचामृत."

गयासभाई म्हणाले, "बेटा, धूळ पूछा, तेल पूछा, पानी पूछा. तीस साल में ये किसी से नहीं पूछा. टोपीवाला भेजता हूँ. आणि भाभीला सांग, पूजा बंद करू नको, फक्त दाराला बाहेरून कर."

तोवर विश्वजीतनं ओल्या फडक्यानं बोंडी पुसून घेतली. तनुजानं ती हळूहळू दाबली आणि सोडली. कट्ट. कट्ट. पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. "नवा आल्याशिवाय आज ठोका नाय," तिनं सांगून टाकलं. आप्पासाहेबांनी तारेची गुंडाळी तिच्या हातात दिली.

"धर. ह्यानं फाटकाला तोरण बांध. मशीनपाशी परत दिसली, तर मला शेडात घेऊ नको."

आशाबाई उठल्या. पदरानं तोंड पुसलं, ताटातली कुंकवाची कोयरी उचलली आणि दाराच्या मागं, बिजागरीच्या बाजूला निघाल्या.

"आई! कुठं निघालात?"

"मागचा राहिला होता ना गं. त्यानंच तर वाचवलं. नुसतं एक बोट टेकवते, थेंब नाय सोडत."

"आई!"

आशाबाई थांबल्या. बोटाला कुंकू लागलेलं, त्याला जागा तर पाहिजे. त्या तशाच माघारी फिरल्या, सुनेपुढं उभ्या राहिल्या आणि ते कुंकू त्यांनी तिच्या कपाळाला लावलं.

"मग हे तुला. ह्या घराला राखणदार भेटलाय, हे मी आजवर बोलले नव्हते."

तनुजा त्यांच्या गळ्यातच पडली. आप्पासाहेब तोंड फिरवून नाक शिंकरत राहिले. जरा वेळानं त्यांनी प्रेसमधलं लिंबू उचललं, पण त्याआधी मेन स्विच पाडला आहे ना, हे स्वतः जाऊन बघून आले.