माझ्या पोटातल्या भलत्याच गोळ्या

मी एक जुनी बाटली आहे. प्लास्टिकची, पांढरी, निळ्या झाकणाची. मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल, खुशाल मुरडा. पण माझ्यामुळे जे झालं ते आठवलं की मी अजूनही झाकणापासून बुडापर्यंत शहारते. अहो, असं कसं झालं? मला अजून पटत नाही!

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात हवा फुंकली आणि मी तयार. मग माझ्यात जाडसर पांढऱ्या गोळ्या भरल्या. चहाच्या पानात एक अमायनो आम्ल असतं, त्याच्या त्या गोळ्या. त्यानं म्हणे मन शांत राहतं आणि लक्ष विचलित होत नाही. 'म्हणे' अशासाठी, की माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत 'हे औषध नाही' असंही छापलेलं होतं. ते वाचायला कुणी चष्मा शोधला नाही. पोटावर मात्र ठळक अक्षरं होती, 'शांत मन, स्थिर लक्ष'. काय तोरा होता माझा तेव्हा!

मला विकत घेतलं एका ताईनं. ती क्रेन चालवायची. एक उंच इमारत उभी राहत होती, तिच्या शेजारी त्याहून उंच क्रेन, आणि क्रेनवर काचेची इवलीशी केबिन. तिथं बसून ताई लोखंडी तुळया उचलायची आणि अलगद नेऊन ठेवायची. खाली माणसं राबत असायची. एवढं वजन माणसांच्या आसपास फिरवायचं म्हणजे गंमत नव्हे! ती या कामात नवी होती, मनातून टरकलेली असायची. केबिनमध्ये बसली की माझ्यातली एक गोळी घ्यायची, वर घोटभर पाणी, आणि स्वतःलाच म्हणायची, "चला बाई, हात स्थिर."

खालून तिला इशारे द्यायला एक दादा होता. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीदादाच म्हणत. केबिनमध्ये मोबाइल न्यायचा नाही, असा तिथला नियम. ताई रोज शिडी चढण्याआधी आपला मोबाइल शिट्टीदादाच्या खिशात टाकायची. वर गेल्यावर दोघं वॉकीटॉकीवर बोलत.

गोळ्या संपल्या. ताईनं हुबेहूब माझ्यासारखी नवी बाटली आणली आणि मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. संपलं कौतुक! पण तासाभरात एका वाकड्या बोटांच्या हातानं मला बाहेर काढलं. ती ताईची आत्या. दोघीच राहत त्या घरात. आत्यानं जन्मभर शिवणकाम केलं होतं, सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. आता सांधे धरले होते. तिला साखरेचा आजार होता आणि रोज साखर उतरवणारी एक गोळी घ्यावी लागे. ती पाकिटातून दाबून काढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. "मला काढून दे गं," एवढं ताईला म्हणायचं, की झालं! पण छे. ताई दमून येते, तिला कशाला त्रास, आणि आपली बोटं गेली हे तिला कळायलाच नको, असा आत्याचा हट्ट.

म्हणून ताई कामावर गेली की आत्या पाकिटं घेऊन बसायची आणि कात्रीच्या टोकानं सगळ्या गोळ्या एकदमच सोलून काढायची. त्या ठेवायला तिला सैल झाकणाची बाटली हवी होती. मी सापडले. आता माझ्या पोटात साखरेच्या गोळ्या आणि पोटावर 'शांत मन'! मी मनात ओरडले, "आत्याबाई, आधी माझं नाव तरी खरवडा!" बाटलीचं कोण ऐकतं?

एके दिवशी आत्यानं फळी पुसली आणि आम्हा दोन्ही बाटल्यांना शेजारी शेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताईला उशीर झाला. काही न खाता तिनं हात घातला, बाटली उचलली, खिशात टाकली. ती मी होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं!

वर केबिनमध्ये तिनं नेहमीसारखी न बघताच गोळी गिळली. तिची नजर खाली ठेवलेल्या तुळईवर होती. काही वेळ काम ठीक चाललं. मग तिच्या कपाळावर घाम आला. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. तुळई हवेत होती, खाली माणसं होती. ताई पुटपुटली, "घाबरलेय मी. आजच का असं होतंय?" आणि तिनं काय करावं? शांत व्हायला म्हणून माझ्यातली आणखी एक गोळी घेतली!

मित्रांनो, मी सुन्न झाले. अगं वेडे, ही भीती नाही गं, तुझ्या रक्तातली साखर उतरतेय! पण मला तोंड असून काय उपयोग, त्यावर झाकण होतं.

"ताई, डावीकडे नको, उजवीकडे," शिट्टीदादा म्हणाला.

"हो... डावीकडे," ताई म्हणाली. जीभ जड झाली होती.

तुळई डावीकडेच झुकली. शिट्टीदादानं कर्कश शिट्टी मारली, माणसं बाजूला पळाली. "ताई, दोन्ही हात काढ! काही करू नकोस, नुसते हात काढ!"

तिनं कसेबसे हात सोडले. चालवायचे दांडे सोडले की क्रेन जागीच थांबते. तुळई हलत हलत लटकून राहिली. ताईची मान काचेवर टेकली.

तेवढ्यात शिट्टीदादाच्या खिशात ताईचा मोबाइल वाजला. हे मला मागाहून कळलं. घरी आत्या न्याहारीआधीची गोळी घ्यायला गेली होती. तळहातावर पडलेली गोळी जाड होती आणि तिच्यावर रोजच्या गोळीसारखी मधली रेघ नव्हती. आपली बाटली ताईनं नेली हे ओळखून आत्यानं तिला फोन लावला. कुणाला काही कळू द्यायचं नाही म्हणून महिनोनमहिने लपवलेलं सगळं तिनं एका अनोळखी माणसाला फोनवर ओरडून सांगितलं. "माझ्या साखरेच्या गोळ्या तिच्याकडे गेल्यात! मीच बाटलीत भरल्या होत्या! अहो, पोरीला गोड काहीतरी द्या, आधी द्या!"

शिट्टीदादानं रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं, साखरेच्या पाण्याची बाटली कमरेला खोचली आणि शिडी चढला. आयुष्यात कधी एवढा वर चढला नव्हता तो! ताईला अजून गिळता येत होतं. घोट घोट पाजत तो म्हणत राहिला, "झोपू नकोस हं ताई. माझ्याशी बोल. मला खाली उतरायची भीती वाटतेय, तुझ्याशिवाय नाही उतरणार मी."

ताई वाचली. त्या गोळीचा असर लवकर जात नाही, म्हणून डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. आत्या दाराशीच उभी राहिली, आत येईना. ताईनं हाक मारली तेव्हा म्हणाली, "कुठल्या तोंडानं येऊ गं?"

"ह्याच तोंडानं ये. आणि हात दाखव."

आत्यानं हात पदराआड नेले. ताईनं ओढून घेतले. ती वाकडी, सुजलेली बोटं ती बघतच राहिली. "आत्या, एकाच घरात राहतो आपण! मला कसं दिसलं नाही?" असं म्हणून ती हमसून हमसून रडली. मला वाटलं होतं ती रागावेल. मी थक्कच झाले.

मित्रांनो, रिकाम्या बाटलीत दुसरं औषध कधी भरू नका. गोळी बघितल्याशिवाय गिळू नका. मला तर फेकूनच द्या, मला वाईट वाटणार नाही. पण घरात कुणी गोळ्यांचं पाकीट हातात धरून नुसतंच बसलेलं दिसलं, तर 'काय झालं' विचारत बसू नका. ते मुळीच सांगणार नाहीत. शेजारी बसा, पाकीट हातातून घ्या आणि गोळी काढून द्या.