आर्वोच्या हृदयाची पहिली लाट

आर्वो लेटिनेन अमेरिकेतल्या डलूथ शहरात तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता. चर्चच्या तळघरातून कॉफीची भांडी वर आणताना त्याला धाप लागायला लागली, तेव्हा त्याची बायको आयरीन त्याला जवळजवळ ओढतच आमच्या दवाखान्यात घेऊन आली. हृदयाची सोनोग्राफी करणं हे माझं काम.

"मार्लिस, आधीचे डॉक्टर म्हणाले, माझं हृदय घोड्यासारखं आहे," आर्वो आडवा होत म्हणाला.

"मग घोडा जिन्यात का बसतो रे?" आयरीनने विचारलं.

हृदय आवळत होतं झकास. पण आवळल्यावर सैल पडायला फार वेळ लावत होतं. निरोगी हृदय झटकन सैल पडतं आणि रक्त आत ओढून घेतं. पडद्यावर ती पहिली लाट उंच दिसते. मग वरचा कप्पा उरलेलं रक्त ढकलतो, ती दुसरी लाट लहान. आर्वोचं नेमकं उलटं होतं.

आमच्या हृदयतज्ज्ञ डॉक्टर कीननी हे समजावल्यावर आर्वोने विचारलं, "म्हणजे माझ्या हृदयाला आराम करता येत नाही?"

"तुझ्याकडून शिकायला हवं होतं त्याने. सोफा झिजवलास," आयरीन म्हणाली.

रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. डॉक्टर कीननी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, रोज तळ्याकाठी चालायला लावलं.

आठ महिन्यांनी आर्वो परत आला. पहिली लाट आता उंच! पण माझा हात थबकला. वरच्या कप्प्यात दाब तुंबला, तरीही ती उंच होते. तसं असेल, तर ही दुखणं वाढल्याचीच खूण.

"काय झालं? बोल की," आर्वो मान वळवून म्हणाला.

"हलू नका जरा."

मी हृदयाची भिंतच किती वेगाने सैल पडते ते मोजलं. तीनदा मोजलं. सेकंदाला पाच सेंटिमीटरवरून नऊवर! वरचा कप्पाही फुगलेला नव्हता. निकाल सांगायचा डॉक्टरांनी, पण माझं हसू कुठलं लपतंय!

डॉक्टर कीननी आकडे पाहिले. "अहो, हे तर छान सैल पडायला लागलंय!"

"म्हणजे हा नाचू शकतो?" आयरीनने विचारलं.

"डॉक्टर, नाही म्हणा," आर्वो कळवळला.

"खुशाल नाचा."

आयरीनने त्याला तिथेच धरलं. पाठीमागे नाड्या सुटलेल्या त्या दवाखान्याच्या झग्यात आर्वो गरागरा फिरला, आणि डॉक्टर कीन व मी, आम्ही दोघींनी टाळ्यांचा ठेका धरला.